कोऱ्या नावाची धास्ती

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि कागदावर छापली तर मी अर्ध्या पानात मावेन. मी एक शेल स्क्रिप्ट आहे. संगणकाने कोणते काम कधी करायचे हे ज्या ओळींत लिहून ठेवतात, त्या ओळी म्हणजे मी.

माझा जन्म घशाच्या दवाखान्यातल्या एका लहान खोलीत झाला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिच्या भिंतींना जाड फोम लावलेला आहे. ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज जाणार असतो, ती माणसे आधी इथे येऊन बोलतात. त्या रेकॉर्डिंगवरून त्यांच्यासाठी एक यंत्र तयार होते आणि पुढे ते त्यांच्याच आवाजात बोलते. एकदा यंत्र तयार झाले की त्या रुग्णाचे कच्चे रेकॉर्डिंग पुसायचे, एवढेच माझे काम.

दवाखान्यातल्या तंत्रज्ञ ताईने मला लिहिले. नोंदणीचे काका रुग्णाचे नाव टाइप करत आणि ते एका डबीत बसून माझ्याकडे येई. संगणकाच्या भाषेत त्या डबीला व्हेरिएबल म्हणतात. नाव मिळाले की मी सगळ्या रुग्णांची रेकॉर्डिंग्ज असलेल्या मोठ्या फोल्डरमधला त्या नावाचा छोटा फोल्डर शोधून पुसत असे. पण डबी रिकामी आली तर? पुढे नावच नसेल, तर मोठा फोल्डरच माझ्या तडाख्यात सापडायचा! म्हणून ताईने मला बजावले होते, ‘डबी रिकामी असेल तर थांब.’

एकदा काकांनी नाव न लिहिताच एंटर दाबले. मी जागच्या जागी थांबले. डॉक्टर हसून ताईला म्हणाले, “तुझी स्क्रिप्ट तुझ्यासारखीच चोख आहे गं!” त्या शाबासकीवर माझी बरीच वर्षे गेली. मग ताईला दुसरी कामे लागली आणि मला उघडून पाहायला कुणाला सवड उरली नाही. मी मात्र प्रत्येक डबी धडधडत्या मनानेच उघडत असे. रिकामी डबी मला ओळखता येत होती. कोरी डबी ओळखायला मला कुणी शिकवलेच नव्हते.

मित्रांनो, रिकामे आणि कोरे यांत फरक असतो. रिकाम्या डबीत काहीच नसते. कोऱ्या डबीत अक्षर नसते, पण मोकळी जागा असते. तीही संगणकाला ‘काहीतरी’ वाटते.

एका दुपारी काका फडक्याने कीबोर्ड पुसत होते. फडके आधी मोकळी जागा सोडणाऱ्या लांब पट्टीवर, म्हणजे स्पेसबारवर घासले, मग एंटरवर. डबी आली. रिकामी आहे का? नाही. म्हणून मी पुढे निघाले. डबीतले सगळे जसेच्या तसे धरून ठेवणारी अवतरणचिन्हे ताईने नावाभोवती घातली नव्हती, त्यामुळे ती मोकळी जागा वाटेतच गळून पडली आणि पुढे उरला फक्त मोठा फोल्डर. मला कळत होते, पण वळता येत नव्हते. मी पुसत सुटले.

“काका, काय दाबलंत?” ताई धावत आली.

“काही नाही गं, नुसतं पुसत होतो!”

ताईने मला मध्येच रोखले. तोवर एक फोल्डर गेला होता. तो पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा होता आणि त्यांचे यंत्र अजून तयार झाले नव्हते. दुसरी प्रत ठेवणारे यंत्र दुरुस्तीला गेले होते आणि बाईंचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होते.

ताई स्वतः वॉर्डात गेली आणि बाईंना खोलीत घेऊन आली. बाईंचा आवाज पार बसला होता. डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, “फार ताण देऊ नका. थोडाच वेळ.”

ताईने वाचायची वाक्ये पुढे केली. बाईंनी कागद बाजूला सारला.

“मागच्या वेळी मी हेच वाचत बसले होते,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “आता वाचत नाही. आता बोलते.”

आणि सगळे समोर असल्यासारख्या त्या बोलल्या. मुलीला रागावल्या, नवऱ्याला चहा मागितला, पाण्याला घाबरणाऱ्या पोरांना काठावरून हाका मारल्या. मध्येच खोकला यायचा.

एवढ्यावर यंत्र तयार होईल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच संध्याकाळी ताईने मला उघडले. नावाभोवती अवतरणचिन्हे घातली आणि नवी ओळ लिहिली: आधी मोकळ्या जागा झटकून टाक, मग डबी बघ, आणि अक्षर उरले नाही तर थांब.

काही आठवड्यांनी बाई आल्या. त्यांच्या गळ्याला रुमाल होता. ताई अपराध्यासारखी उभी राहिली. बाईंनी यंत्रावर काहीतरी टाइप केले आणि खोलीत त्यांचाच, जरा घोगरा पण खणखणीत आवाज उमटला, “मान वर कर बघू! बुडालीस का? नाही ना? मग घे श्वास!”

ताई हसता हसता रडली.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही, आणि ती जाऊही नये. तुमच्या हातून काही कायमचे पुसले जाणार असेल, तर समोरून आलेले उत्तर नीट पाहा. ते कोरे असेल, तर अंदाजाने पुढे जाऊ नका. थांबा आणि पुन्हा विचारा.