वाटणाऱ्याचा घास

गीत.

सोलापुरातल्या त्या लहानशा ख्रिस्तमंदिरात रविवारच्या उपासनेला शांतवन नेहमी शेवटच्या चटईवर बसायचा. दुष्काळाच्या साली दारूच्या तारेत त्यानं यंत्रमाग सुरू करायचा दांडा ओढला, तेव्हा मागावरचा जोडीदार याकोबाचा हात आत होता. तीन बोटं गेली. याकोबानं केव्हाच माफ केलं होतं. तरी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं की शांतवन ते तसंच परत पाठवायचा.

पापकबुली.

ती तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचा. क्षमेच्या वचनापाशी मात्र त्याचे ओठ मिटायचे.

भाकर.

त्या रविवारी मंडळीचा नवा वडील, म्हणजे पंच, म्हणून याकोब पहिल्यांदाच ताट घेऊन फिरला आणि शेवटी शांतवनसमोर थांबला.

"घे की."

"मी न्हाय. पुढं जा."

"पुढं भिंत हाय, लेका!"

बायका हसल्या. शांतवन हसला नाही.

मंडळीची रीत अशी, की वाटणाऱ्यानं आपल्या हातानं घ्यायचं नाही. शेवटच्यानं खाऊन मग त्याला द्यायचं. आजवर शांतवनच्या वाट्याचं ते काम उपासना चालवणारे पाळकसाहेब उरकायचे. आज ते जागचे हलले नाहीत.

याकोब खाली बसला. "तू खाल्लं न्हाईस, तर मला कोण देणार?"



शांतवननं तुकडा तोंडात घातला. दुसरा उचलला. याकोबानं दोन बोटांचा तो हात पुढं केला. त्यावर भाकर ठेवताना शांतवन आपोआप गुडघ्यांवर आला. प्रभू इतका जवळ बसलेला असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.