डिंडोलीची अंडी

प्रज्ञाने बडोद्यात शिकून सुरतेच्या कॉलेजात प्रयोगशाळा उभी केली, आणि तरुणपणची सगळी वर्षं एकाच प्रश्नामागे घालवली: अंड्यातल्या पिलाच्या अंगात रोगाशी लढायची ताकद येते कुठून? पिलाच्या शेपटीजवळ एक बारीक पिशवी असते, बरीचशी तिथून. ठरावीक रसायन टोचलं की ही पिशवी खुरटते, हे तिला दाखवायचं होतं. अंडी तिची आई रंभाबाई सुरतेलगतच्या डिंडोलीहून पाठवायची, घरच्या कोंबड्यांची.

सुरतेतला प्लेग ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात टोचलेल्या अंड्यांत पिशवी खुरटलेली निघाली. न टोचलेल्यांतही तशीच. आपलाच हात कुठेतरी चुकला असेल, असं प्रज्ञाला वाटलं. तिने दूरच्या व्याऱ्याहून अंडी मागवली. ती पिलं अगदी ठणठणीत निघाली.

म्हणजे दोष तिच्या हातात नव्हता, घरच्याच अंड्यांत होता. रविवारी ती डिंडोलीला गेली. बोअरिंगजवळच्या डबक्यात कोंबड्या चोची बुडवत होत्या. मागच्या डाइंग मिलचं जांभळट पाणी नाल्यातून तिथंच मुरत होतं. आणि त्याच बोअरिंगवर तिची पोटुशी भावजय वृषाली हंडा भरत होती.

“हे पाणी पिऊ नकोस,” प्रज्ञा म्हणाली. “कोंबड्या हेच पितात, त्यांची पिलं बिघडलीत.”

“चांगलं गोड आहे की, ताई.”

भाऊ लोकेश त्याच मिलमध्ये रंगखात्यात होता. तो हसला. “कोंबडीचं माणसाला लावतेस होय? शेठच्या कानावर गेलं तर मला घरी बसवतील.”

“तू काही बोलू नकोस. हिला फक्त माझ्याकडे पाठव.”

वृषाली प्रज्ञाच्या क्वार्टरवर राहायला आली. मुलगी झाली, गुटगुटीत, खणखणीत आवाजाची. लोकेशने सगळ्यांना घारीची मिठाई वाटली. “बघ तुझी कोंबडी!” त्याने चिडवलं, आणि प्रज्ञाही कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली.

मग एका सकाळी क्वार्टरवरच नातीला न्हाऊ घालायला घेतलेली रंभाबाई म्हणाली, “महिना होत आला, हिची नाळ काही पडेना गं. आणि अंगही कढत लागतंय.”

प्रज्ञा जवळ गेली. बेंबीभोवती लाल चट्टा पसरला होता, पण पू कुठेच नव्हता. पू धरायला रक्तातल्या लढणाऱ्या पेशी लागतात; आत रोग शिरला होता आणि त्या पिलांसारखंच इथंही लढायला कोणी आलंच नव्हतं.

“काय झालं, ताई?” वृषालीने विचारलं.

प्रज्ञाने बाळाला टॉवेलात गुंडाळलं. “लोकेश, रिक्षा आण.”

त्याने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि चप्पल न घालताच धावत सुटला.