रोजचा एक जीव

माझी विहीण चारशे बाराव्या पायरीवर आहे आणि मी एकशे शहाण्णवाव्या. फोनमधल्या त्या गोळ्यांच्या खेळात सगळ्यांची नावं फोटोसकट एकाखाली एक लागतात, त्यामुळे हे मला रोज बघावं लागतं. सरूबाई वर, कडेवर नातू घेऊन हसतायत. नातू माझाही आहे, पण फोटो त्यांच्याकडेच निघतात.

माझा मुलगा हितेश रोह्याला कंपनीत लागला आणि भूमिकाशी लग्न झाल्यावर सासरच्याच चाळीत, सासूच्या शेजारची खोली घेऊन राहिला. घरजावई म्हणायचं नाही बरं का. खोली वेगळी आहे, चूल तेवढी सासूची. आम्ही हमरापूरला. मी गणपतीच्या कारखान्यात कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरनं घासते. हमरापूर ते रोहा काही सातासमुद्रापलीकडे नाही, तरी मुलगा दोन-दोन महिने तोंड दाखवत नाही. फोन केला तर "जेवलीस का गो आये? बरं, ठेवतो." संपलं.

दिवाळीला आला तेव्हा त्यानंच हा खेळ माझ्या फोनात टाकला. एका रंगाच्या तीन गोळ्या जुळवायच्या, जुळल्या की फुटतात. पाच जीव मिळतात. ते संपले की एकतर वाट बघत बसायचं, नाहीतर ओळखीच्या कुणाकडे एक जीव मागायचा. "माझ्याकडं माग, मी पाठवीन," हितेश म्हणाला. तेव्हापासून मी संध्याकाळी सगळे जीव संपवते, त्याच्याकडे एक मागते, आणि सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन टुणकन वाजतो. "हितेशने तुम्हाला एक जीव पाठवला आहे." एक दिवस चुकत नाही.

स्वतः तो खेळत नाही. दिवाळीपासून नवव्या पायरीवरच अडकलाय बिचारा. वेळ कुठे असतो त्याला! पण आईसाठी काढतो. कारखान्यात मी फोन सगळ्यांना दाखवते. माझ्या शेजारी घासायला बसणारी नूतन म्हणते, "पोरगा लांब गेला, पन तुज्यावर जीव हाय हो त्याचा." मी म्हणते, "हाय तर!" आणि मग दिवसभर घासकामाचा कंटाळा येत नाही.

सरूबाईंकडेही जीव मागता येतो. त्यांच्या नावापुढे तसं बटण आहे. पण त्यांच्याकडून जीव घेण्यापेक्षा मी खेळ काढून टाकीन. मुलाला रोज वाढायचं त्यांनी, ताप आला तर पेज त्यांची, नातवाचं पहिलं पाऊल त्यांच्या ओटीवर. आणि वर चारशे बारा! एवढे जीव त्यांना पुरवतं कोण? हितेशच देत असणार. त्यांना दोन, मला एक. मेलं एक खेळ तरी माझा एकटीचा ठेवायचा होता.

माघी गणपतीनंतर कारखान्याला सुट्टी मिळाली आणि मी न कळवता पहिल्या एसटीनं रोह्याला निघाले. पिशवीत पोह्याचे पापड आणि वाल घेतले होते. खोटं कशाला बोलू, ही बाई माझ्या मुलाला मुठीत कशी ठेवते ते मला बघायचं होतं.

दार सरूबाईंनी उघडलं.

"अगो बाय, विहीणबाई! कळवायचं तरी. जावई शिफ्टला गेले, भूमिका पण कामावर गेली. बसा, च्या टाकते."

मी नातवाला हात पुढे केले. त्यानं त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. त्या त्याला घेऊनच आत गेल्या आणि मी बाहेरच्या खोलीत पाहुण्यासारखी बसले.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली आणि माझा फोन टुणकन वाजला.

मला काय वाटलं म्हणून सांगू! ऐन त्यांच्या घरात, ऐन वेळेवर. मी आवाज चढवला, आत ऐकू जाईल असा. "ऐकलंत का? शिफ्टला गेला तरी आईला विसरत नाय. रोज जीव पाठवतो. तुमाला पाठवतो का हो सकाळी?"

आत कपबशा वाजल्या. मग सरूबाई म्हणाल्या, "नाय हो. आमाला कुठला? आईची सर सासूला येते काय?"

हितेशच्या लग्नाला तीन वर्षं झाली, त्यांच्या तोंडून इतकं गोड मी कधी ऐकलं नव्हतं. त्या खुशीत उठले, पिशवी घेतली आणि पापड द्यायला स्वयंपाकघरात गेले.

मिक्सरशेजारी एक फोन चार्जिंगला लावलेला होता. लाल कव्हरचा. ते कव्हर पेणच्या बाजारात मीच हितेशला घेऊन दिलं होतं. सरूबाईंनी त्यावर टाकायला फडकं उचललं, पण उशीर झाला होता. पडद्यावर गोळ्या होत्या, कोपऱ्यात पायरी नऊ, आणि खाली लिहिलं होतं, "आईला जीव पाठवला."

"हा हितेशचा फोन," मी म्हटलं.

"व्हय. कंपनीत नेऊ देत नाय. घरीच ठेवून जातात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला आणि फडक्यानं ओटा पुसत राहिल्या.

"तुमी रोज मागायच्यात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हितं फोनवर दिसायचं. जावयांना दोनदा सांगितलं, बघतो म्हणाले. मग मीच दाबायला लागले. मला बघवंना हो."

या बाईचा मला आजवर जेवढा हेवा वाटला, तो सगळा त्या घटकेला एकदम वाटला. मुलगा तिच्याकडे, नातू तिच्या कडेवर, आणि मुलाची म्हणून जी माया मी गावभर मिरवली, तीही तिच्याच हातची निघाली. आणि वर मघाशी मी मोठेपणा मिरवत होते तेव्हा खोटं बोलून तिनंच माझी अब्रू राखली होती. ते तर मला अजिबात सहन होत नव्हतं.

चहा घेतला. पापड दिले. हितेशची वाट बघत थांबले नाही. मी आल्याचं त्याला सांगू नका, एवढं म्हटलं.

सरूबाई एसटी स्टँडपर्यंत सोडायला आल्या. गाडी लागली, मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळले.

"उद्या पण पाठवा," मी म्हटलं.

"पाठवते."

"त्याच्याच नावानं पाठवा."