ओ देणारा दगड

मी एक जुनी लाकडी हातोडी आहे. ग्रीसमधल्या तिनोस बेटावर वादळात एक ऑलिव्हचं झाड उन्मळून पडलं. त्याच्या बुंध्यातून याकोवोस मिस्त्रींनी मला कोरून काढलं. माझ्या डोक्याला ना लोखंड, ना रबर. संगमरवराला ओरखडा न पडता ठोका बसावा, एवढंच माझं काम.

मित्रांनो, तुम्ही न्हाणीघरात जाता, भिंतीवरचा गुळगुळीत दगड पाहता आणि तोंड धुऊन बाहेर येता. तो दगड दोन माणसांनी उचलून लावलेला असतो आणि त्याला सतत खालीच यायचं असतं, हे तुमच्या मनातही येत नाही. ते येऊ नये, अशीच मिस्त्रींची इच्छा असे. दगड लावण्याआधी ते त्याची पाठ खरवडत. वाटेत तडकू नये म्हणून खाणीवरच दगडाच्या पाठीला जाळी चिकटवलेली असते. ती राहू दिली, तर दगड चिकटवायचा लेप जाळीला धरतो आणि जाळी एक दिवस दगडाला सोडून देते. मग पाठ धुवायची, भिंतीवर दातेरी थापीने लेपाच्या सरळ रेघा ओढायच्या, दगडालाही लेप चोळायचा आणि दगड दाबून किंचित सरकवायचा. त्यानंतर माझी पाळी. मधून कडेकडे ठोकत गेलं की आतली हवा निघून जाते.

लेप वाळला की मी पुन्हा हातात. भरीव दगड गप्प राहतो, पोकळ दगड ओ देतो, असं मिस्त्री म्हणत. आनेझिना ही त्यांची एकुलती एक लेक. ती लहान असताना ते तिला खांद्यावर बसवत, माझा ठोका मारायला लावत आणि विचारत, "कोणी आहे का गं घरात?" ती दगडाला कान लावून गंभीरपणे सांगे, "कोणी नाही, बाबा."

दगड कापायच्या यंत्रापाशी बाकीचे कानांवर झाकणं लावत. मिस्त्री त्यांची टर उडवत. "कान झाकून दगड कळतो होय रे? ती झाकणं घरी ने, सासू बोलायला बसली की लाव!" पातं कुठे अडतंय, चीर कुठे दडली आहे, हे त्यांना आवाजावरून समजे. म्हणून त्यांनी कान उघडे ठेवले, आणि उघडे ठेवले म्हणूनच त्यांना ऐकू येईनासं झालं.

हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. माझे ठोके जोरात पडू लागले. मिस्त्री मान डोलावत, पण आधीच्या खात्रीने नाही. मला आवाज कळतो, मित्रांनो, पण मला तोंड नाही.

अशात फ्लोरा मावशींच्या घरचं काम निघालं. त्यांचे यजमान निकोलास काका अर्धांगाने खुर्चीला खिळलेले. त्यांना बसवून अंघोळ घालता यावी म्हणून न्हाणीघर नव्याने करायचं होतं, आणि बसायची जागा नेमकी भिंतीखाली होती. वरची ओळ लावायच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता. खिडकी उघडी होती. जोडीदार पेत्रिस काहीतरी सांगत होता आणि मिस्त्री त्याच्या ओठांवरून बोलणं ओळखण्यात गुंतले होते. तेवढ्यात वाऱ्याने भिंतीवरच्या लेपावर कोरडी साय धरली, आणि साय धरलेला लेप दगडाला चिकटत नाही. बोट लावून पाहायचं राहून गेलं.

लेप वाळल्यावर मिस्त्रींनी मला हातात घेतलं. आनेझिना त्यांच्यासाठी पाव आणि चीज घेऊन आली होती. काकांच्या जागेच्या वरच्या दगडावर मी पडले आणि आतून ओ आली. मिस्त्री म्हणाले, "भरलाय."

आनेझिना त्यांच्या जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, घरात कोणीतरी आहे."

"काय?"

"घरात कोणीतरी आहे, बाबा."

"असतीलच की माणसं! घर त्यांचंच आहे."

पेत्रिस हसला. "पोरी, तुझ्या बापाला काय शिकवतेस? दगडाला शिंक आली तरी ऐकतो तो."

"आम्ही कुठे दगडाच्या भरवशावर आहोत?" कॉफी घेऊन आलेल्या फ्लोरा मावशी म्हणाल्या. "आमचा भरवसा याकोवोसवर!"

आनेझिनाने दगडाखालच्या, काकांच्या बसायच्या जागेकडे पाहिलं. मग ती ओरडली, "पोकळ आहे, बाबा! तुम्हाला ऐकू येत नाही!"

मिस्त्रींनी मला तिच्या हातात दिलं. "वाजव."

ती ठोकत गेली. मिस्त्री दगडाकडे पाहत नव्हते, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत होते. जिथे चेहरा बदलला, तिथे त्यांनी खडूने फुली मारली. मग पहार लावली. वरचा दगड जवळजवळ आपणहून पेत्रिसच्या हातांत आला. त्याच्या पाठीवरच्या लेपाला रेघांचा ठसासुद्धा नव्हता आणि भिंतीवर लेपाच्या रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या. फ्लोरा मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"उरलेलं तू कर," मिस्त्री पेत्रिसला म्हणाले, "आणि वरच्या ओळीला भिंतीत धरून ठेवणारे पितळी आकडे घाल." त्यांनी हात धुतले. त्यानंतर ते कधी कामावर गेले नाहीत, कॉफीच्या दुकानातही नाही. जेवताना आनेझिना मोठ्याने बोलली की म्हणत, "ओरडू नकोस. त्या दिवशी ऐकलं मी." त्याच हिवाळ्यात ते गेले. तू बरोबर केलंस, असं तिला त्यांनी म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कोणीही नाही.

मित्रांनो, यंत्रापाशी उभे राहाल तेव्हा कान झाका. लेपाला बोट लावून पाहा. आणि ज्याच्यावर तुमची माया आहे त्याचं काम पोकळ वाजलं, तर सांगा. सांगून बरं वाटेल, असं मी म्हणत नाही. आनेझिनाला वाटलं नाही. मी तिच्या घरी खिळ्याला टांगलेली आहे. ती माझ्यावरची धूळ पुसते, पण मला हातात धरत नाही.

निकोलास काका मात्र रोज त्या भिंतीखाली बसतात, पाणी गार आहे म्हणून फ्लोरा मावशींवर खेकसतात, आणि डोकं मागे दगडाला टेकवून डोळे मिटतात.