हौदाच्या कोपऱ्यातली भेग

मित्रांनो, कॉफीच्या बागेत फळे सोलायच्या यंत्राखाली मी उभा आहे, छातीइतका खोल, विटा-सिमेंटचा एक जुना हौद. माझ्या एका कोपऱ्याचा गिलावा बाकीच्या अंगापेक्षा नवा दिसतो. तो कोपरा का फोडावा लागला, ते सांगतो.

माझा जन्मच मारझोडीतून झाला. गवंड्याने सुरुंग लावून खडक उडवला, छिन्नी-हातोड्याने जागा ठोकून काढली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला एवढे घाव सोसून नुसते हौदपण आले!

कामही तसेच दांडगाईचे. यंत्राचे दात पिकल्या फळांची साले ओरबाडत आणि चिकट गराने माखलेल्या बिया माझ्या पोटात येऊन आदळत. मग डोळ्यांना न दिसणारे जीव त्या गरावर तुटून पडत. त्यातली साखर खात, आंबट रस सोडत. फेस चढे, बुडबुडे फुटत, माझे अंग आतून तापे. ही झुंज वेळेवर थांबवावी लागते. लवकर थांबवली तर गर सुटत नाही आणि कॉफी बेचव होते. उशीर झाला तर तिला कुजक्या कांद्याचा वास मारतो. नेमक्या घटकेला धुतली, तर पिकल्या फळाची गोडी आणि जिभेच्या कडेला हलकीशी आंबट चुणूक पेल्यात उतरते.

ती घटका ओळखणाऱ्याला सगळे नाकदादा म्हणत. तो वाकून एक श्वास घेई, मूठभर बिया चोळून बघे आणि म्हणे, ‘सोडा पाणी.’ थंडीत तीस तासांनी, उकाड्यात सोळा तासांनीही. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. थोरले मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगत, की आमच्या कॉफीची चव या माणसाच्या नाकात आहे.

थोरले मालक गेले आणि मुलगा मालक झाला. त्याच सुमारास बाहेरच्या झाडाच्या मुळाने माझा कोपरा रेटला. गिलाव्याला बोटभर भेग पडली आणि मागे पोकळी झाली. तिच्यात बिया शिरत आणि कुजत. ब्रश तिथवर पोचत नसे. नाकदादाने मालकाला तीनदा सांगितले, की कोपऱ्यातून वास येतो, अर्धा दिवस हौद रिकामा ठेवा. मालकाने तिन्ही वेळा सांगितले, की हौद गळत नाही ना, मग तोडणी संपल्यावर बघू.

त्या हंगामात चव पारखणारा आला. त्याने पहिला घोट घेतला आणि जमिनीवर थुंकला. पुढच्या चारही पेल्यांतले घोट त्याने तसेच थुंकले. कुजक्या बियांनी सगळा माल नासवला होता.

मालक तडक माझ्याकडे आला. त्याने नाकदादाची गचांडी धरली आणि ढवळायचा लाकडी दांडा उचलला.

“झोपलास ना? कधी धुतलीस?”

“वेळेवर धुतली, मालक.”

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा अडवताना त्याची दोन बोटे मोडली. तिसरा तोंडावर आला. नाकाचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नाकदादा माझ्या कठड्यावरून आत कोसळला. त्याचे रक्त माझ्या तळावरून मोरीकडे वाहू लागले. मालक आत उतरून लाथा घालत होता आणि भोवतीचे मजूर खाली बघत होते. गुन्हेगार मी होतो, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हते.

यंत्र चालवणारी वहिनी, म्हणजे नाकदादाची बायको, धावत आली. मालकाला ढकलून तिने नवऱ्याला बाहेर काढले, नाकाला फडके लावून भिंतीशी बसवले. मग अवजारांच्या खोलीतून घण आणला आणि माझ्यात उतरली. कोपऱ्यावर पहिला घाव बसताच मालकाने तिचा दंड पिरगाळला, थोबाडीत मारली. तिने घणाचा दांडा त्याच्या पोटात ढोसला.

“दूर व्हा,” ती म्हणाली. “आता घाव कुठे पडेल ते मी बघणार नाही.”

मालक मागे सरला. चौथ्या घावाला माझा गिलावा फुटला, विटा ढासळल्या. कळ अंगभर गेली, पण फुटताना मला इतके हलके कधी वाटले नव्हते. पोकळीतून काळ्या, बुळबुळीत बियांचा लगदा बाहेर आला. अशी दुर्गंधी सुटली, की मजुरांनी तोंडे झाकली. झाकले नाही ते एकट्या नाकदादाने. त्याला कसलाच वास येत नव्हता.

वहिनीने मूठभर लगदा मालकाच्या तोंडासमोर धरला.

“ह्यांनी तीनदा सांगितलं होतं. घ्या वास.”

मालक कठडा धरून ओकला.

वहिनीने फौजदाराला सगळे सांगितले. मालक काही महिने तुरुंगात राहून आला. नाकदादाची बोटे जुळली, वास मात्र परत आला नाही. मालक त्यांच्या दारात जाऊन नाक घासून आला. मजूर सांगतात, वहिनी एवढेच म्हणाली, की घासायला तुम्हाला नाक तरी आहे. ती दोघे पुन्हा बागेत आली नाहीत.

आता मालक स्वतः गुडघ्यांवर बसून माझे कोपरे घासतो. आत वाकून वास घेतो, घड्याळ बघतो, पुन्हा वास घेतो. तरी कॉफी कधी बेचव होते, कधी आंबट.

मित्रांनो, कुणी भेग दाखवली तर ती त्याच दिवशी बुजवा. आणि कुणावर हात उचलण्याआधी आपला कोपरा वाकून बघा. माझी भेग बुजवायला शेवटी दोन घमेली सिमेंट आणि अर्धा दिवस लागला. तेवढेच काम होते.