कुंपणापलीकडचा गहू

मित्रांनो, लांबून पाहिलेत तर मी तुम्हाला गवतातला साधा उंचवटा वाटेन. पण मी वरंबा आहे. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या ऑल्डथॉर्प गावचा, आठशे वर्षांचा. आठ बैलांचा नांगर दरवेळी माती मधोमध लोटत गेला आणि मी घडलो. बैलांची एवढी लांब रांग शेताच्या टोकाशी एकदम वळत नसे. गडी तिला आधीपासूनच वळवू लागत, म्हणून माझ्या अंगाला बाक आला. तेव्हा माझ्यावर गहू डुलायचा. पुढे जमीनदाराला लोकरीची गोडी लागली. त्याने इथे मेंढ्या सोडल्या आणि मी गवताखाली गेलो.

आमचे शेत शेवटी दोन भावांच्या वाट्याला आले. मधे काटेरी कुंपण पडले. थोरल्या अँब्रोजने ट्रॅक्टर आणला आणि आपल्या बाजूचे सगळे वरंबे दोन दिवसांत सपाट केले. ते माझे सख्खे भाऊ होते. मला रडू यायला हवे होते. पण पुढच्या उन्हाळ्यात तिथे गहू पिवळा झाला, आणि मी नुसता जळलो. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबत, "काय पीक आहे!" म्हणत. माझ्याकडे पाठ करून म्हणत.

जळणारा मी एकटा नव्हतो. धाकट्या सायलसची बायको हेस्टर माझ्यावर बसून मेंढ्या राखायची. सुगीचा सण झाला त्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "जाऊबाईंच्या गव्हाचा पाव चर्चमध्ये सगळ्यांच्या पुढे मांडला. मी काय मांडू? लेंड्यांची टोपली?"

"लोकर देतोच की आपण," सायलस म्हणाला.

"लोकरीकडे कुणी मान वळवून बघत नाही. भाऊजींना सांगा, ट्रॅक्टर घेऊन या."

सायलसने आठवडाभर टाळले, पण शेवटी तो भावाकडे गेला. अँब्रोज यायला तयार झाला, हे कळल्यावर मला धीर धरवेना. तो नांगर मला सपाट करणार, हे ठाऊक होते. तरी चालेल, एकदा तरी माझ्यावर गहू उभा राहू दे, असे मला वाटत होते.

अँब्रोज सकाळी आला. फाळ माझ्या टोकात शिरला. कित्येक शतकांनी मातीला वारा लागला. आणि चार हातांवर ट्रॅक्टर थांबला.

"बिघडला का रे, दादा?" सायलसने विचारले.

"नाही." अँब्रोज खाली उतरला आणि माझ्या बाकावरून टोकापर्यंत चालत गेला. परत आला तेव्हा त्याची मान खाली होती. "ओल्या वसंतात बाबा कोकरं इथं वर आणून ठेवायचे. पाणी सगळं सरीत, कोकरं कोरडी. माझ्याकडं आता तळं साचतं."

"पण गहू किती येतो तुझा!"

"येतो. पण रोज संध्याकाळी फाटकात उभा राहून मी तुझ्या बाजूला बघतो, सायलस. ऊन कललं की या लाटा दिसतात. फार हेवा वाटतो तुझा."

हेस्टर चहाची किटली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "ते सगळं खरं, भाऊजी. पण माझ्या पावाचं काय?"

अँब्रोज हसला. "माझ्या बाजूची कुंपणालगतची पट्टी तू पेर. पाणी साचलं की माझी कोकरं मात्र इथं येतील."

"पट्टी कोरडी असेल तरच घेईन," हेस्टर म्हणाली.

तसेच ठरले. सगळ्यांचे समाधान झाले, माझे नाही. मी हातातोंडाशी आलेला गहू गमावला होता. हेस्टर पेरणीला निघाली तेव्हा माझ्यावरून जाताना तिच्या टोपलीतले थोडे दाणे त्या उकरलेल्या जागी सांडले. ते उगवले. वीस-पंचवीस काड्या असतील. ओंब्या भरण्याआधीच अँब्रोजच्या कोकरांनी त्या खाऊन टाकल्या.

त्यांच्यावर मात्र मला रागावता आले नाही. पाऊस पडत होता आणि ती माझ्या पाठीवर कोरडी झोपली होती.

मित्रांनो, कलत्या उन्हात कुठे गवताच्या लाटा दिसल्या, तर जमीन ओबडधोबड आहे म्हणून ती सपाट करायला धावू नका. आधी कुणा म्हाताऱ्याला विचारा. आम्ही एकदा मोडलो की पुन्हा घडवायला आठ बैल आणि शेकडो वर्षे लागतात. आम्हाला जपा. आणि एक करा, शेजारच्या गव्हाचे कौतुक जरा हळू आवाजात करा. मला अजून ऐकू येते.