डबीचा पोचा

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे आणि माझ्या पोटाला मोठा पोचा आहे. तो पाहून हळहळू नका, मित्रांनो. तो पडून-आपटून आलेला नाही. आमच्या काकूनं तो दगडानं, चांगला नेम धरून घातला आहे.

डबे बनवणाऱ्या एका कारागिरानं मला उरल्यासुरल्या पत्र्यातून घडवलं. तेव्हा मी चिमुकली, गुळगुळीत आणि भलतीच गर्विष्ठ होते. तेलताडाच्या, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडांच्या, रोपवाटिकेत मला खताचं माप म्हणून नेमलं. तिथं काळ्या पिशव्यांच्या लांबच लांब रांगा होत्या, प्रत्येक पिशवीत एक रोप. फळ्यावर हुकूम होता, महिन्यातून एकदा प्रत्येक रोपाला एक डबी खत. तिथल्या सर्वांत जुन्या कामकरणीला सगळे काकू म्हणत. ती मला भरायची, वरून बोट फिरवायची आणि बुंध्यापासून चार बोटं दूर खत गोल पसरायची.

एका वर्षी पिशव्यांतली माती बदलली. तिच्यात नारळाच्या काथ्याचा भुसा आणि तेलताडाचे रिकामे घड कुजवून केलेलं खत मिसळू लागले. मुळं खूश झाली. पण रोपांचं अर्धं जेवण आता मातीतच होतं आणि फळ्यावरचा हुकूम तसाच राहिला. पात्यांची टोकं करपू लागली.

"साहेब, डबीभर खत जास्त होतंय," काकू रोपवाटिकेच्या साहेबांना म्हणाली. "पोरं अजीर्णानं जातील."

"फळ्यावर एक डबी लिहिलंय ना? मग एक डबीच घालायची."

काकू बरं म्हणाली. शेडच्या मागच्या दारात नेऊन तिनं मला उंबऱ्यावर आडवं केलं आणि दगड हाणला. मी कळवळले. कितीतरी दिवस तिच्यावर धुसफुसत होते. पण रोपाला एक डबीच पडत होती, फक्त तिच्यात मावत कमी होतं. नवी पानं हिरवीगार निघाली. साहेबांनी पाहुण्यांसमोर कौतुक केलं ते फळ्याचं.

पुढे नवे साहेब आले, शिस्तीचे. पोचा पाहताच त्यांनी हातोडी मागवली आणि मला आतून ठोकून सरळ केलं. काकू नको नको म्हणत राहिली. मी पुन्हा देखणी झाले आणि, सांगायला लाज वाटते, सुखावलेसुद्धा. महिना संपायच्या आत तीन रांगा करपल्या.

"तुम्हीच काहीतरी घोळ घातलात, काकू," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

"एक रांग माझ्या हातानं करू द्या. नाही सुधारली तर मीच जाते."

साहेबांनी महिनाभराची मुदत दिली. काकूनं त्या रांगेला पिशव्यांखालून पाणी वाहेपर्यंत पाणी पाजलं, जास्तीचं खत धुऊन काढलं. खताचा दिवस आला तेव्हा तिनं साहेबांच्या डोळ्यांदेखत मला उंबऱ्यावर ठेवलं आणि दगड उचलला. या वेळी मी कळवळले नाही. पोट पुढे करून पडून राहिले.

महिनाअखेरीस साहेब त्या रांगेतून दोनदा फिरले. नवं एकही पातं करपलं नव्हतं. त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं, 'एक डबी, पोच्यासकट.'

मित्रांनो, मला जपायचं तर जरूर जपा. घासा, पुसा, गंज चढू देऊ नका. पण मला सरळ करायला हातोडी घेऊन येऊ नका. काकू अजून कामावर आहे आणि दगडही उंबऱ्यापाशीच आहे.